विमान सापडले, अहवाल कोठे आहे?

सप्टेंबर २०२३ मध्ये जगातील सर्वांत बलाढ्य सैन्याने आपल्या नागरिकांपुढे एक विलक्षण विनंती मांडली. १७ सप्टेंबरच्या दुपारी अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात मरीन दलाच्या एफ-३५ बी या लढाऊ विमानाचा वैमानिक हवाई छत्रीच्या साह्याने बाहेर पडला आणि नॉर्थ चार्ल्सटन येथील एका घराच्या परसात उतरला. त्याचे प्राण वाचले. विमान मात्र त्याच्यावाचून पुढे निघून गेले, आणि ते कोठे गेले हे कोणाही अधिकाऱ्याला सांगता येईना. अखेर चार्ल्सटनच्या हवाई तळाने, विमानाविषयी कोणास काही माहिती असल्यास कळवावी, असे आवाहन जनतेला केले आणि त्यासाठी दूरध्वनी क्रमांकही दिला. सुमारे २८ तासांनंतर विल्यम्सबर्ग या ग्रामीण भागात विमानाचे अवशेष सापडले. शत्रूच्या रडारला दिसू नये म्हणून अपार पैसा ओतून बनवलेले विमान खुद्द मालकालाच दिसेनासे झाले होते.

जग हसले. हरवलेल्या कुत्र्यामांजरांच्या जाहिराती असतात तशा विमानाच्या जाहिराती लोकांनी चितारल्या. त्या राज्यातील लोकप्रतिनिधींनीही उपहासाचे उद्गार काढले. हा हशा आसनगावच्या सकाळच्या गाडीपर्यंत यायला वेळ लागला नाही. कारण मुंबईकडे नोकरीधंद्यासाठी जाणाऱ्या प्रवाशांच्या हाती आता जगभरच्या बातम्या घरून निघण्यापूर्वीच आलेल्या असतात. दूरच्या महासत्तेची फजिती झाली की सामान्य माणसाला बरे वाटते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु या हसण्यात एक गोष्ट निसटली. अमेरिकन सैन्याने जनतेला शोधासाठी बोलावले, तेव्हा त्याने अभावितपणे एक सत्य मान्य केले होते. विमान कितीही गुप्त असो, ते अखेर कोणाच्या तरी शेतात, रानात किंवा घरावर पडते. आणि ते पडले कोठे, हे सर्वांत आधी तिथल्या माणसाला कळते. ज्या माणसावाचून शोध पुरा होत नाही, त्याला शोधाचे फलित जाणून घेण्याचा अधिकार आहे की नाही, हा या प्रकरणाचा खरा प्रश्न आहे. तो अमेरिकेपेक्षा आपल्या देशाला अधिक लागू पडतो.

प्रथम अमेरिकेतील प्रकरणाचा शेवट पाहणे योग्य होईल, कारण हसणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचला. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस, म्हणजे घटनेनंतर सुमारे तेरा महिन्यांनी, मरीन दलाने चौकशीचे निष्कर्ष जाहीर केले. खराब हवामानात विमानातील विद्युत-व्यवस्थेत बिघाड होऊन वैमानिकाच्या शिरस्त्राणातील दर्शक आणि संपर्काची मुख्य साधने बंद पडली होती. विमान आपल्या ताब्यात राहिले नाही असे वाटून त्याने ते सोडले. प्रत्यक्षात राखीव उपकरणे चालू होती आणि विमान उडण्याजोगे होते. वैमानिकाविना ते आणखी ११ मिनिटे उडत राहिले आणि तळापासून सुमारे ६४ सागरी मैलांवर कोसळले. जमिनीवर कोणासही इजा झाली नाही. झाडांची आणि पिकांची हानी झाली. नुकसान १३ कोटी ५० लाख डॉलरहून अधिक. चौकशीने वैमानिकाचा निर्णय चुकल्याचे म्हटले. पण तेवढ्यावर न थांबता, विमान केव्हा सोडावे यासंबंधीची नियमपुस्तिकेतील व्याख्याच फार सैल होती आणि तिचाही या चुकीत वाटा होता, हेही नोंदवले. मधल्या काळात त्या वैमानिकाला त्याच्या पथकाच्या नेतृत्वावरून दूर करण्यात आले होते. हा न्याय झाला की अन्याय, याविषयी तेथे मतभेद झाले. पण ते मतभेद उघड माहितीच्या आधारे झाले.

विमान हरवले त्याच आठवड्यात अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने एफ-३५ संबंधीचा आपला अहवाल प्रसिद्ध केला. मार्च २०२३ मध्ये त्या ताफ्यातील सुमारे ५५ टक्के विमानेच कामगिरीस सज्ज होती, असे त्यात म्हटले होते. या विमानांच्या संपूर्ण आयुष्याचा अंदाजे खर्च १ लाख ७० हजार कोटी डॉलर, आणि त्यांपैकी १ लाख ३० हजार कोटी केवळ ती चालवण्याचा व दुरुस्तीचा. ही आकडेवारी ध्यानात घेतली म्हणजे लोकांचे हसणे उथळ होते असे म्हणता येत नाही. ज्यावर आपली करापोटीची कमाई गेली ते यंत्र निम्मा वेळ उभेच असते, आणि उडाले तर हरवते, असे दिसल्यावर माणसाने हसावे नाही तर काय करावे? मात्र हसणे ही प्रश्नाची सुरुवात असते, उत्तर नव्हे.

अमेरिकेचा हा दाखला देताना तिच्या लष्करशाहीचे गुणगान करण्याचा हेतू नाही. युद्धसामग्रीच्या कारखानदारांचे त्या देशाच्या राजकारणावरील वजन सर्वश्रुत आहे. तरीही पैसा खर्च करणाऱ्यास हिशेब मागणारी एक स्वतंत्र यंत्रणा तेथे आहे आणि तिचे म्हणणे साऱ्या जगाला वाचता येते, हा फरक समाजवाद्याने प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. ज्या सोव्हिएत व्यवस्थेत हिशेब मागण्याची सोय नव्हती, तिचे उदाहरणही येथे आठवते. ४ जुलै १९८९ रोजी पोलंडमधील तळावरून निघालेल्या सोव्हिएत मिग-२३ चा वैमानिक, इंजिन बंद पडले असे समजून, उड्डाणानंतर लगेच बाहेर पडला. विमान मात्र सुमारे ९०० किलोमीटर एकटेच उडत गेले आणि इंधन संपल्यावर बेल्जियममधील बेलेगेम या गावी एका घरावर कोसळले. घरात असलेला एक तरुण ठार झाला. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी वेळीच इशारा दिला नाही, अशी तक्रार बेल्जियमच्या सरकारने केली. गुप्ततेची किंमत ज्याला त्या गुप्ततेशी काही कर्तव्य नव्हते अशा माणसाने दिली. भांडवलशाही असो वा साम्यवादी सत्ता, विमान पडते ते याच माणसाच्या छपरावर.

आता आपल्याकडे वळू. आसनगावहून रेल्वेने कसाऱ्याचा घाट चढून गेले की इगतपुरी, नाशिक आणि मग निफाड लागते. शहापूरवरून जाणारा मुंबई-आग्रा महामार्गही त्याच दिशेने ओझरला पोहोचतो. या ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि नाशिकमधूनच ते लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते. सार्वजनिक मालकीच्या या कारखान्याने नाशिक परिसराला कसबी कामगारांची एक पिढीच दिली. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पुढे तेथे सुखोई-३० एमकेआय विमाने बांधली जाऊ लागली. २७ जून २०१८ रोजी, हवाईदलाच्या ताब्यात अद्याप न गेलेले असे एक सुखोई चाचणीच्या उड्डाणात निफाड तालुक्यातील वावी-ठुशी येथे शेतात कोसळले. ४ जून २०२४ रोजी त्याच तालुक्यातील शिरसगाव येथे दुसरे सुखोई पडले. दोन्ही वेळा दोन्ही वैमानिक बाहेर पडून बचावले, ही समाधानाची गोष्ट.

शिरसगावची दुर्घटना घडली तो लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस होता. देशाचे डोळे आकड्यांकडे लागलेले असताना एका शेतात जळणाऱ्या विमानाकडे कोण पाहणार? पाहिले ते गावकऱ्यांनीच. ते धावले, गर्दी झाली, चित्रे टिपली गेली, आणि नेहमीप्रमाणे पोलिसांनी दोर बांधून लोकांना मागे सारले. दोर बांधणे आवश्यकच असते. इजेक्शन आसनाची न फुटलेली काडतुसे आणि जळणाऱ्या साहित्याचा धूर यांपासून माणसांना धोका असतो, आणि विमानाचे तुकडे हलले तर चौकशीचे काम बिघडते. आठवण म्हणून तुकडा घरी नेणारा माणूस पुरावा नाहीसा करतो, हे कार्यकर्त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु तो दोर पुढे कधी सुटत नाही, अशी लोकांची तक्रार आहे. चौकशीचा आदेश निघाल्याची बातमी येते. चौकशीतून काय निघाले याची बातमी शेताच्या मालकापर्यंत येत नाही. हवाईदलाच्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे अहवाल सर्वसाधारणपणे जाहीर केले जात नाहीत.

पुण्याजवळील थेऊरचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी लोहगावला उतरत असलेल्या सुखोईचे दोन्ही वैमानिक बाहेर फेकले गेले आणि विमान शेतात पडले. आपण कळ ओढली नव्हती, आसने आपोआप सुटली, असे वैमानिकांचे म्हणणे असल्याच्या बातम्या आल्या. रशियन बाजूने ते मान्य केल्याचे दिसले नाही. सुमारे २०० सुखोई विमानांचा संपूर्ण ताफा काही आठवडे जमिनीवर उभा करण्यात आला आणि मग पुन्हा उडू लागला. दोष आसनाचा होता, देखभालीचा की माणसाचा? हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. विमान विकत घेणारा, त्याची आसने जोडणारा, ती तपासणारा आणि त्यात बसणारा, या चौघांपैकी चूक कोणाच्या माथी मारायची याचा निर्णय त्यात आहे.

गोव्याच्या समुद्रात २६ नोव्हेंबर २०२० च्या सायंकाळी जे घडले, त्याने लोकांच्या प्रतिक्रियेची दुसरी बाजू दिसली. नौदलाचे मिग-२९ के प्रशिक्षण विमान कोसळले. दोघांपैकी एक वैमानिक वाचला. कमांडर निशांत सिंग बेपत्ता झाले. शोध ११ दिवस चालला आणि ७ डिसेंबरला किनाऱ्यापासून सुमारे ३० मैलांवर, ७० मीटर खोल पाण्यात त्यांचा मृतदेह मिळाला. त्या दिवसांत, त्यांनी काही महिन्यांपूर्वी आपल्या विवाहाच्या परवानगीसाठी वरिष्ठांना लिहिलेले एक विनोदी पत्र देशभर वाचले गेले. लोक त्या पत्रावर हसले आणि रडले. एरवी संख्येत मोजला जाणारा सैनिक लोकांना अकस्मात शेजारच्या घरातला मुलगा वाटू लागला. लोकांची ही हळहळ खरी होती. पण अशा हळहळीला आपल्याकडे एक ठरलेली वाट आहे. हुतात्म्याला वंदन केले की कर्तव्य संपते, आणि विमान का पडले असे विचारणारा अशा वेळी कृतघ्न ठरतो.

म्हणजे लोकांपुढे दोनच भूमिका ठेवलेल्या असतात. परदेशचे विमान हरवले तर प्रेक्षक होऊन हसावे आणि स्वदेशाचे पडले तर भक्त होऊन हात जोडावेत. नागरिकाची तिसरी भूमिका असते, ती विचारण्याची. तिला जागा नाही.

ही जागा एका मराठी मातेने हट्टाने मिळवून दाखवली आहे. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगडहून मिग-२१ घेऊन उडाले आणि लगेचच झालेल्या अपघातात मृत्यू पावले. दोष वैमानिकाचा असा निष्कर्ष काढण्यात आला. त्यांची आई कविता गाडगीळ यांनी तो मान्य केला नाही. जुन्या विमानांच्या सुरक्षिततेविषयी त्या जाहीरपणे विचारत राहिल्या. पुढे २००६ मध्ये ‘रंग दे बसंती’ या चित्रपटाने तोच प्रश्न लाखो तरुणांपर्यंत नेला. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले की, मिळवलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत नष्ट झाली. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. निम्म्याहून अधिक विमाने अपघातात जातात तेव्हा प्रत्येक वेळी वैमानिकच चुकला असे म्हणणे हिशेबाला धरून नाही. आई विचारत होती तो प्रश्न शोकाकुल मनाचा उद्वेग नव्हता; तो आकडेवारीने सिद्ध झालेला होता.

या विषयात समाजवाद्यांनी आपल्या घरातील इतिहासही आठवावा. या प्रश्नावर गदारोळ चालू असता संरक्षणमंत्रिपदी जॉर्ज फर्नांडिस होते, मुंबईच्या कामगारांचे नेते म्हणून मोठे झालेले समाजवादी. ऑगस्ट २००३ मध्ये वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ते स्वतः अंबाला येथे मिग-२१ मध्ये बसून उडाले. सियाचीनच्या जवानांमध्ये वारंवार जाणाऱ्या या मंत्र्याच्या धैर्याविषयी शंका नव्हतीच. परंतु मंत्री एकदा सुखरूप उतरला म्हणून विमान सुरक्षित ठरत नाही, जसे मालकाने एक दिवस कारखान्यात जेवण घेतले म्हणून उपाहारगृह स्वच्छ ठरत नाही. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या नेत्याने अपघातांचे अहवाल जनतेपुढे ठेवण्याचा पायंडा पाडला असता, तर तो त्या उड्डाणापेक्षा मोठा ठरला असता. मिग-२१ अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे समारंभपूर्वक निवृत्त झाले. तत्पूर्वी, ८ मे २०२३ रोजी राजस्थानातील बहलोलनगर येथे एक मिग-२१ घरावर कोसळून तीन स्त्रिया मरण पावल्या होत्या. वैमानिक बाहेर पडला होता. घरातल्या स्त्रियांना बाहेर पडण्याची कोणतीही कळ नव्हती.

संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२४ मध्ये ठेवलेल्या अहवालानुसार २०१७ ते २०२२ या काळात हवाईदलाचे ३४ अपघात झाले, आणि त्यांपैकी १९ चे कारण ‘मानवी चूक’ असे नोंदले आहे. हे दोन शब्द कामगार चळवळीच्या फार परिचयाचे आहेत. रेल्वेची टक्कर झाली की चालकाची चूक, खाणीत पाणी शिरले की मुकादमाची चूक, यंत्रात हात गेला की कामगाराचा निष्काळजीपणा. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ‘मानवी चूक’ म्हणजे चौकशीचा शेवट. कामगाराच्या दृष्टीने ती चौकशीची सुरुवात असते. माणूस का चुकला? तो किती तास जागा होता? त्याला शिकवले कोणी? नियमपुस्तिकेत काय लिहिले होते? सुटा भाग नवा होता की दुसऱ्या यंत्राचा काढून बसवलेला? अमेरिकेच्या चौकशीने व्याख्येतील सैलपणाकडे बोट दाखवले, ते अशाच प्रश्नामुळे.

दिल्ली उच्च न्यायालयाने २ मे २०१७ रोजी दिलेल्या एका निर्णयाने या विचाराला आपल्या देशातही आधार मिळाला आहे. जानेवारी २००५ मध्ये विंग कमांडर संजीत सिंग कैला यांच्या मिग-२१ ला उड्डाणानंतर लगेच आग लागली. वस्तीवर विमान पडू नये म्हणून ते पुढे नेऊन मगच ते बाहेर पडले. पाठीच्या कण्याला झालेल्या दुखापतीने त्यांचे लढाऊ विमान चालवणे कायमचे थांबले. विमान बांधणीतील दोषामुळे ही आपत्ती ओढवली होती. सुरक्षित परिस्थितीत काम करण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असून तो गणवेषातील माणसालाही आहे, असे न्यायालयाने मानले आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स व केंद्र सरकार यांनी मिळून ५५ लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. वैमानिक हाही अखेर धोक्याच्या जागी काम करणारा कामगार आहे, हे समाजवाद्यांनी सांगायचे ते न्यायालयाने सांगितले.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, अहवाल उघड केले तर शत्रूला आपल्या उणिवा कळतील. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. विमानाची शस्त्रे, रडार, मोहिमेचा हेतू या गोष्टी गुप्तच राहिल्या पाहिजेत. पण इंधनाची नळी फुटली, सुटा भाग वेळेवर बदलला गेला नाही, आसन आपोआप सुटले, या गोष्टी शत्रूपासून लपवायच्या असतात की मतदारांपासून? नागरी विमानांच्या बाबतीत हा विवेक पाळला जातो. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळले. चौकशी यंत्रणेने प्राथमिक अहवाल महिन्याभरात जनतेपुढे ठेवला. त्यावर वाद झाले, आणि ते व्हायलाच हवेत. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने सुरक्षेशी निगडित माहिती वगळली असली, तरी जनहित अधिक मोठे असेल तर तीही देता येते, असे त्याच कायद्याच्या आठव्या कलमात म्हटले आहे. हवाईदल या कायद्याच्या बाहेर नाही. उणीव कायद्याची थोडी आणि सवयीची अधिक आहे.

दुसरा आक्षेप मनोधैर्याचा. प्रश्न विचारल्याने जवानाचे मनोधैर्य खचते म्हणे. पण हे प्रश्न विचारले कोणी? वैमानिकाच्या आईने विचारले, स्वतः वैमानिकाने न्यायालयात जाऊन विचारले. ज्याला उद्या त्याच आसनावर बसायचे आहे त्याचे धैर्य कालचा दोष झाकल्याने वाढत नाही. तो दुरुस्त झाल्याची खात्री पटल्याने वाढते. किंबहुना मौनाने ज्यांचे भले होते ते आघाडीवर नसतात. ते खरेदीच्या आणि पुरवठ्याच्या कार्यालयांत असतात.

लोकांच्या मदतीविना सरकारचेही चालत नाही, हे विसरता कामा नये. ३ जून २०१९ रोजी आसाममधील जोरहाटहून अरुणाचलातील मेचुका येथे निघालेले हवाईदलाचे एएन-३२ विमान १३ जणांसह बेपत्ता झाले, तेव्हा माहिती देणाऱ्यास ५ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर करण्यात आले. अवशेष आठ दिवसांनी हेलिकॉप्टरमधून दिसले. पण दुर्गम डोंगरावर पोहोचण्यासाठी त्या भागातल्या डोंगराळ लोकांची मदत घ्यावी लागली. आपल्या सह्याद्रीतही हे वेगळे नाही. मुरबाडच्या माथ्यावर माळशेज घाटापलीकडे, जुन्नरजवळच्या डोंगरावर ७ जुलै १९६२ रोजी अलितालिया कंपनीचे मुंबईला उतरू पाहणारे प्रवासी विमान आदळून ९४ जण मरण पावले होते. ऐन पावसाळ्यात, धुक्यात असे काही पुन्हा घडले, तर कोणती वाट कोणत्या कड्याशी संपते हे शहापूर-मुरबाडच्या कातकरी-ठाकर माणसाइतके कोणत्याही यंत्राला कळणार नाही. संकटाच्या वेळी जाणकार ठरणारा हा माणूस चौकशीच्या वेळी अडाणी कसा ठरतो?

शहापूर तालुक्याला हा प्रश्न पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेतले ते विमान हरवण्याच्या दीडच महिना आधी, ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री, समृद्धी महामार्गाच्या कामावर सरळांबे येथे तुळया बसवणारे अवजड यंत्र कोसळून २० जण ठार झाले. तेथेही चौकशीची घोषणा झाली, मदत जाहीर झाली, मान्यवर येऊन गेले. मेलेल्यांपैकी अनेक परप्रांतांतून पोटासाठी आलेले. ५ जून २०२५ रोजी त्या मार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाला, आणि आता गाड्या त्यावरून वेगाने जातात. यंत्र का कोसळले, हे तालुक्यातल्या किती लोकांना ठाऊक आहे? विमानाची चौकशी संरक्षणाच्या नावाने आणि रस्त्याची चौकशी विकासाच्या नावाने लोकांपासून दूर राहते. नावे निराळी, बाहेर उभा असलेला माणूस एकच.

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांनी या विषयाकडे दूरदेशीची गंमत म्हणून पाहू नये. चार मागण्या स्पष्टपणे मांडता येतील. पहिली, प्रत्येक लष्करी विमान-अपघाताच्या चौकशीचा गोपनीय तपशील वगळलेला सारांश वर्षाच्या आत संसदेपुढे ठेवावा आणि तो प्रादेशिक भाषांत उपलब्ध करावा. दुसरी, ज्याच्या शेताची, विहिरीची, घराची हानी झाली त्याचा पंचनामा ग्रामपंचायतीच्या साक्षीने ठरावीक दिवसांत व्हावा आणि भरपाई कोण, किती आणि केव्हा देणार हे त्याला लेखी मिळावे; तेलाने व जळक्या धातूने बिघडलेल्या जमिनीचाही त्यात विचार व्हावा. तिसरी, ओझरसारख्या सार्वजनिक कारखान्यांतील सुरक्षा समित्यांवर कामगार संघटनांचे प्रतिनिधी असावेत आणि दोष दाखवणाऱ्या कामगाराला संरक्षण असावे. खाजगीकरणाच्या घाईत जुने कसबी हात गेले तर दोष वाढतील, कमी होणार नाहीत. चौथी, ‘मानवी चूक’ असा शेरा मारणाऱ्या प्रत्येक अहवालाने त्या चुकीमागची परिस्थितीही नोंदवणे बंधनकारक करावे.

यांतील एकही मागणी सैन्याच्या विरोधात नाही. उलट सैन्यातल्या सर्वांत धोक्याच्या जागी बसलेल्या माणसाच्या बाजूची ती आहे, आणि विमान ज्याच्या शेतात पडते त्याच्याही. या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा डाव यशस्वी होऊ देता कामा नये. वावी-ठुशीच्या शेतकऱ्याने पीक गमावले आणि वैमानिक थोडक्यात वाचला. दोघांनाही कारण कळण्याचा हक्क सारखाच आहे.

अमेरिकेतील ते विमान २८ तासांत सापडले आणि त्याचे कारण तेरा महिन्यांत लोकांना कळले. निफाडला पडलेली विमाने शोधावी लागली नाहीत; ती सर्वांच्या डोळ्यांदेखत पडली. तेथे शोधायचे राहिले आहे ते कारण, आणि त्यासाठी गावकऱ्यांनी तलाठ्यापासून खासदारापर्यंत सर्वांना विचारीत राहिले पाहिजे. पुढच्या वेळी आसनगावच्या गाडीत अशा एखाद्या बातमीवर हशा पिकेल तेव्हा डब्यातल्या एका तरी कार्यकर्त्याने विचारावे की, आपल्याकडच्या विमानाचा अहवाल कोणी वाचला आहे काय?